रिकॉलची सूचना आली, पण गाडी तर व्यवस्थित चालते

प्रश्न : माझ्या एसयूव्हीसाठी कंपनीने आतापर्यंत तीन वेळा रिकॉल (दोष दूर करण्यासाठी गाड्या परत बोलावणे) जाहीर केला आहे : एकदा एअरबॅगसाठी, एकदा एबीएससाठी (जोरात ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एकदा पडद्यावरील सॉफ्टवेअरसाठी. मला मात्र गाडीत कोणताही दोष जाणवत नाही. ही कामे पुढच्या सर्व्हिसिंगला एकत्र करून घेतली तर चालेल का, की अशी गाडी विकूनच टाकावी?

उत्तर : गाडी व्यवस्थित चालते, हा येथे पुरावा होऊ शकत नाही, कारण रिकॉलला कारणीभूत ठरणारे कित्येक दोष चालकाला जाणवण्यासारखे नसतातच. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घ्या. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट हे जळून वायू तयार करणारे रसायन वापरलेले होते. वर्षानुवर्षांचा दमटपणा आणि तापमानातील चढउतार यांमुळे त्याचा ऱ्हास होतो आणि मग अपघाताच्या क्षणी ते गरजेपेक्षा फार वेगाने जळून इन्फ्लेटरचे धातूचे आवरण फुटते व त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर येतात. तो क्षण येईपर्यंत गाडी कसलीही तक्रार करत नाही. सूचना एअरबॅगच्या इन्फ्लेटरसंबंधी असेल, तर सर्व्हिसिंगची वाट न पाहता आजच वेळ ठरवावी. भीतीपोटी एअरबॅगची जोडणी परस्पर काढून टाकण्याचा सल्लाही काहीजण देतात. तो मानू नये.

एबीएसचे प्रकरण वेगळे आहे. त्याच्या नियंत्रक भागाला गाडी बंद असतानाही वीजपुरवठा चालू असू शकतो; आत ब्रेक ऑइल झिरपले, तर शॉर्टसर्किट होऊन उभ्या गाडीला आग लागण्याचा धोका संभवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३३.७ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करण्यास मालकांना सांगितले. दुरुस्ती तशी किरकोळ होती : एबीएसचा फ्यूज बदलणे. काम किती लहान आहे यावरून धोका किती लहान आहे हे ठरत नाही. त्यामुळे आपल्या सूचनेत ‘गाडी चालवू नये’ किंवा ‘बाहेर उभी करावी’ असे शब्द आहेत का, ते सर्वप्रथम पाहावे. सुटे भाग उपलब्ध नसल्याचे उत्तर मिळाले, तरी तोवर ही सूचना पाळायचीच असते.

तिसरा रिकॉल ब्रेक, स्टिअरिंग किंवा मागील कॅमेऱ्याशी संबंधित नसेल, तर तो सवडीने करता येईल.

राहिला विकण्याचा प्रश्न. केवळ रिकॉलच्या संख्येवरून मॉडेल वाईट ठरवणे मला पटत नाही. दोष वेळीच मान्य करणारी कंपनी दोष लपवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, तेव्हा त्यांतील बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररला बसवलेले होते. टायरचा बाहेरचा थर सुटून गाड्या उलटण्याचे अनेक अपघात त्याआधीच होऊन गेले होते. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंचावर असल्याने टायर, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांच्या रिकॉलकडे तिच्या मालकाने जरा अधिक गांभीर्याने पाहावे, एवढे मात्र मी जरूर म्हणेन.

प्रश्न : मी जुनी एसयूव्ही घेत आहे. रिकॉलची कामे झाली आहेत की नाहीत, हे कसे कळेल?

उत्तर : मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर विसंबू नये, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांत वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग असू शकतात. गाडीचा १७ अंकाक्षरी चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावा. तो लिहून घेताना ध्यानात ठेवावे, की १ आणि ० यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरलीच जात नाहीत. व्यवहार झाल्यावर कंपनीकडे आपला पत्ता नोंदवावा, अन्यथा पुढील सूचना आधीच्या मालकाकडेच जात राहतील.

एक गोष्ट मात्र या तपासणीत कळत नाही. पूर्वी अपघातात एअरबॅग उघडली असेल आणि तिच्या जागी भंगारातील गाडीची एअरबॅग बसवली असेल, तर चेसिस क्रमांकाची नोंद मूळ भागापुरतीच असते. अशा गाडीच्या दुरुस्तीची बिले मागावीत आणि ती मिळाली नाहीत, तर एअरबॅगवरील भागक्रमांक अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.