यंगर ड्रायसमध्ये, म्हणजे हिमयुग सरत असताना अचानक परतलेल्या थंडीच्या काळात, बाराही महिने गोठवणारी थंडी होती का? आणि तेव्हा भारतात काय झालं?

नाही. थंडी कोसळली ती मुख्यतः हिवाळ्यावर. त्या काळात, म्हणजे सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी, ग्रीनलंडचं वार्षिक सरासरी तापमान आजच्यापेक्षा साधारण १५ अंशांनी कमी होतं. लोक हाच आकडा जुलैलाही चिकटवतात, त्याची मला चीड येते.

पीएचडीला मी स्कॉटलंडमधल्या तळ्यांच्या गाळावर काम केलं. गाळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायचा, बारीक चाळणीवर धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांची डोकी वेचायची. डोकं मिलिमीटरभरही नसतं, पण हनुवटीवरचे दात हजारो वर्षं शाबूत राहतात आणि त्यावरून प्रकार ओळखता येतो. कुठल्या प्रकाराला किती उबदार जुलै लागतो, हे आजच्या तळ्यांवरून कळतं. म्हणजे हा उन्हाळ्याचा पुरावा. आमच्याकडचे एक सीनियर बर्फाच्या गाभ्यांवर (हिमस्तरात खोल छिद्र पाडून काढलेल्या जुन्या बर्फाच्या कांड्यांवर) काम करायचे. माझा आलेख बघून म्हणाले, "ग्रीनलंड एवढी घसरण दाखवतंय आणि तुझी चिलटं एवढीशी? चिलटंच चुकताहेत." डेंटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच पूर्व ग्रीनलंडच्या हिमोढांवरून (हिमनद्यांनी मागे सोडलेल्या दगडमातीच्या ढिगांवरून) दाखवलं होतं की तिथेही उन्हाळे तुलनेने थोडेच थंडावले होते. तो पेपर मी त्या सीनियरच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी उघडलासुद्धा नाही.

कारण सरळ आहे. अटलांटिकमधून उत्तरेकडे उष्णता नेणारा प्रवाह मंदावला, हिवाळ्यात समुद्र दूरवर गोठू लागला आणि पश्चिम युरोपला सैबेरियासारखा हिवाळा आला. उन्हाळ्यात बर्फ मागे हटायचा, आणि त्या काळी उत्तर गोलार्धातलं उन्हाळी ऊन तर आजच्यापेक्षा प्रखर होतं.

म्हणून विद्यार्थी असाल तर कुणा बर्फवाल्याच्या दबावाखाली स्वतःचे आकडे वाकवू नका. दोघांची मापं बरोबर असू शकतात, फक्त ऋतू वेगळे.

हां, उन्हाळे सगळीकडे सुखाचे होते असंही नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांत हिमनद्या पुन्हा वाढल्या. ब्रिटनमधल्या भुंगेऱ्यांच्या अवशेषांवरून सर्वांत उबदार महिना जेमतेम १० अंशांचा निघतो, सर्वांत थंड मात्र उणे १५ ते २०.

भारताचं म्हणाल तर मान्सून दुबळा झाला होता. अरबी समुद्राच्या गाळात ते दिसतं. तिथे प्रश्न थंडीपेक्षा पावसाचा होता.