मजले नको मोजूस, दारं मोज

तुझा मेल दोनदा वाचला. "सर, टॉवर आले की डाउनटाउन जिवंत होतं की मरतं?" असं शहराच्या मध्यवस्तीबद्दल विचारलंस आणि दोन्ही बाजूंचे इतके तक्ते जोडलेस की तूच त्यात हरवलीस. अगं, प्रश्नच चुकलाय. मजले नको मोजूस, रस्त्यावर उघडणारी दारं मोज.

साधा हिशोब कर. प्लॉटच्या १० टक्क्यांवर ४० मजले चढवले काय किंवा ८० टक्क्यांवर ५ मजले केले काय, बांधकाम तेवढंच, प्लॉटच्या चौपट. पॅरिस बहुतेक सगळं सहा-सात मजली, तरी चौरस किलोमीटरला २०,००० च्या आसपास माणसं राहतात. दाटी वेगळी, उंची वेगळी, हे एकदा डोक्यात बसव. उंचीशी माझं वैर नाही हां, कॅनडातल्या व्हँकूव्हरने १९९१ च्या प्लॅननंतर डाउनटाउनमध्ये घरं आणली ती टॉवरमध्येच, पण टॉवर बारीक ठेवले आणि खाली फुटपाथला लागून छोटी घरं, दोन पायऱ्या आणि स्वतःचं दार. संध्याकाळी तिथं कुणीतरी पिशवी गुडघ्यावर टेकवून किल्ली शोधत उभं असतं, त्यानेच रस्ता जागा राहतो. आणि तिथेही २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावावा लागला, कारण फ्लॅट विकला गेला म्हणजे माणूस राहायला आला असं नाही.

मी हे उशिरा शिकलो. माझ्या सहीने झालेल्या एका टॉवरखाली तीन मजले पार्किंग आहे, रस्त्याकडे नुसती जाळीची लांबलचक भिंत. वर फ्लॅट भरलेत, पण माणसं गाडीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून घरात, समोरची दुकानं एकेक करून मिटली. नियमात बसत होतं, क्लायंटला हवं होतं, मी अडवलं असतं तर काम दुसऱ्याने केलं असतं आणि याहून वाईट केलं असतं, हे मला आजही खरं वाटतं. पण एकाही मीटिंगमध्ये मी "दारं कुठायत?" असं विचारलं नाही, ते राहूनच गेलं.

तुझ्या साइटवर दोन रिकामी ऑफिसं आहेत आणि तू ती ड्रॉइंगमध्ये सरळ पाडून टाकलीस, का गं? मेलबर्नने १९९२ ला 'पोस्टकोड ३०००' ही मध्यवस्तीत माणसं राहायला आणायची योजना सुरू केली तेव्हा असल्याच पडून असलेल्या ऑफिसांची घरं झाली. आधी ते तपास.

आणि मला फक्त ग्राउंड फ्लोअरचा प्लॅन पाठव, प्रत्येक दार लाल पेनने दाखवून. वरचे मजले नंतर बघू.