‘येऊ दे, येऊ दे’ म्हटलं की हात आखडतात

“मॅडम, पुढे चालवायचं मला काहीच वाटत नाही. कसारा घाट रात्रीचा उतरतो. पण कंपनीच्या गेटात शिरलो, गार्डने शिट्टी मारली, ‘मागे घे’ म्हणाला, की माझे हात माझे राहत नाहीत.”

सोमनाथ (नाव बदललं आहे, हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे) दिंडोरी तालुक्यातला, 24 वर्षांचा. घरी द्राक्षबाग. दोन वर्षं साधा ट्रक चालवून तो तीन महिन्यांपूर्वी 40 फुटी कंटेनरच्या ट्रेलरवर लागला होता. न्हावाशेवा बंदर ते नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत, अंबड ते न्हावाशेवा. माझ्याकडे समुपदेशनाला येण्याच्या आदल्या आठवड्यात अंबडच्या एका कारखान्यात डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला, गाडी लावताना त्याचा पाऊण तास गेला. मागे चार गाड्यांचे हॉर्न, कडेला हमाल बघत बसलेले, आणि तिघंजण एकाच वेळी तीन दिशांना हात हलवत ‘येऊ दे, येऊ दे’ करत होते. शेवटी दुसऱ्या ड्रायव्हरने त्याला खाली उतरवलं आणि दोन कटात (कट म्हणजे स्टिअरिंगचा वळसा) गाडी लावून दिली. कुणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर फिरला.

“मी भित्रा आहे का? ही लाइन सोडू का?” एवढंच त्याला विचारायचं होतं.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. नवी नर्स शीर शोधताना, नवी शिक्षिका फळ्यावर गणित सोडवताना, बँकेतला नवा मुलगा रांगेसमोर नोटा मोजताना. एकट्याने जमतं, लोक बघायला लागले की बोंब. आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल आधीच निकाल लावलेला असतो.

झोप, दारू, चक्कर, छातीत धडधड हे सगळं मी विचारून घेतलं. डोळे तपासायला पाठवलं. नजर ठणठणीत निघाली. (ड्रायव्हरच्या बाबतीत ही पायरी मी कधीच गाळत नाही.) मग, पुस्तकात असतं तसं, श्वासाचा व्यायाम दिला. आठवड्याने तो परत आला आणि म्हणाला, “श्वास चांगला घेतला मॅडम. गेटचा खांब तरी घासलाच.”

मी हसले, तोही हसला. मग त्याने मला विचारलं, “तुम्ही ट्रॉली मागे घेतलीय का कधी?”

नव्हती. म्हटलं, शिकव. माझ्या टेबलावर एक स्टेपलर आणि त्याच्या मागे टाचणीने अडकवलेली लांब पट्टी, असा आमचा ट्रेलर झाला. स्टेपलर म्हणजे घोडा, म्हणजे पुढची इंजिनाची गाडी. पट्टीचं शेपूट डावीकडे हवं असेल तर घोड्याचं स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. शेपूट वळायला लागलं की लगेच उलट फिरवून घोडा त्याच्या मागोमाग न्यायचा. तेवढ्यात उशीर झाला की चाकू मिटावा तशी दोन्ही धुडं मिटतात. तिसऱ्या प्रयत्नाला माझा ट्रेलर फोनवर आदळला. बंद खोलीत, एकच माणूस बघत असताना.

त्यातून एक गोष्ट कळली, जी मी आधीच विचारायला हवी होती. सोमनाथला घरच्या ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली शाळेत असल्यापासून मागे घेता येते. “मग हे का जमू नये?” याचीच त्याला जास्त लाज होती. पण ट्रॉली आखूड. कट दिला की लगेच वळते, आणि ट्रॅक्टरवर मान वळवून सगळं मागचं दिसतं. 40 फुटांचा ट्रेलर कट दिला तरी आधी ढिम्म हलत नाही. सोमनाथचे हात ट्रॉलीच्या सवयीने आणखी कट द्यायचे, आणि मग तो जो वळायचा तो आवरायचा नाही. शिवाय दिसणार ते फक्त आरशात. क्लीनरच्या बाजूला वळवायचं असेल तर शेपूट डाव्या आरशातूनही निसटतं. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. त्याला दुसरंच काहीतरी येत होतं, आणि ते आडवं येत होतं.

आता बघणाऱ्यांचं. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलं की प्रेक्षक असले की हातात मुरलेलं काम जास्त चांगलं होतं आणि नवं, न मुरलेलं काम बिघडतं. पुढे 1969 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर करून पाहिलं. सरळ वाटेवर, बघणारी झुरळं बाजूला असली की झुरळ जास्त जोरात पळायचं. वळण घ्यावं लागणाऱ्या वाटेत मात्र जास्त वेळ लावायचं. सोमनाथला हे फार आवडलं. “म्हणजे घाट सरळ आणि डॉक वाकडा,” म्हणाला. झुरळाला कुणी भित्रं म्हणत नाही, हेही त्यानेच जोडलं.

तेव्हा ठरलं, आधी प्रेक्षक काढायचे. मालकाशी तो स्वतः बोलला; विल्होळीजवळच्या यार्डात रविवारी सकाळी रिकामा ट्रेलर तासभर मिळाला. सोबत एक जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना मामा म्हणतात. जुने टायर ठेवून डॉक केला. मामांचा पहिला धडा: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर. शेपूट जिकडे न्यायचं, हात तिकडे. उलटसुलट हिशेब डोक्यातून गेला की डोकं आरशांना मोकळं होतं. दुसरा: थोडा कट दे आणि थांब, त्याला कळू दे. तिसरा: बिघडलं तर ओढाताण न करता पुढे काढ, सरळ कर, परत ये.

माझा गृहपाठ वेगळा होता. प्रत्येक वेळी, गरज नसली तरी, दोनदा खाली उतरून मागे जाऊन बघायचं आणि किती वेळा उतरलो ते वहीत लिहायचं. त्याच्या मनात उतरणं म्हणजे हार होती. मला ते कामाचा भाग व्हायला हवं होतं. मामा म्हणाले, “मी 30 वर्षांनीही उतरतो. न उतरणाऱ्यांचेच खांब पडतात.” हे मी सांगून त्याला पटलं नसतं.

तिसऱ्या रविवारी मामांनी दोन ड्रायव्हर बोलावून कडेला उभे केले, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. पुढच्या रविवारी तोंड उघडायची परवानगी. मग अंबडचं खरं गेट. तिथे आत शिरण्याआधी गार्डला सांगायचं वाक्य आम्ही पाठ केलं होतं: “दादा, इशारा एकट्या क्लीनरचा बघणार. बाकीच्यांना बाजूला करा.” पहिल्यांदा म्हणताना आवाज चिरका आला म्हणे. गार्डने बाजूला केले मात्र.

वहीतली शेवटची नोंद मला दाखवली: पिंपळगावला द्राक्षांचा रीफर (थंड कंटेनर), रात्री अकरा, वीस मिनिटं, तीनदा उतरलो. क्लीनरच्या बाजूचा रिव्हर्स अजून धड बसत नाही. मामा म्हणतात त्याला वर्ष जाईल. पुढची वेळ त्याने घेतलेली नाही.

जाताना दारात थांबला. “एक घोळ झालाय मॅडम. घरची ट्रॉली आता चुकते. कट देऊन थांबतो आणि ती केव्हाच वळून जाते. आमचे दादा बांधावरून ओरडतात, ड्रायव्हर झाला आणि हे विसरला.”