मराठी सबटायटल्स: हौस कुणाची, हक्क कुणाचा?

सोलापूर शहरातून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : आम्ही सोलापुरात अभियांत्रिकी शिकणारे सहा मित्र आहोत. जपानी अ‍ॅनिमे मालिकांचे भाग आम्ही डाउनलोड करतो, त्यांच्या इंग्रजी सबटायटल्सवरून मराठी सबटायटल्स तयार करतो आणि ती चित्रावर बसवून आमच्या टेलिग्राम चॅनेलवर टाकतो. त्यासाठी एक पैसाही घेत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘चाहत्यांनी चाहत्यांसाठी, अधिकृत मराठी आवृत्ती आल्यास काढून टाकू’ अशी पाटी असते. या मालिका मराठीत कुठेच मिळत नाहीत, त्यामुळे कुणाचे नुकसान होते असे आम्हाला वाटत नाही. तरीही हे बेकायदेशीर ठरते का? शिवाय अलीकडे दुसऱ्या एका चॅनेलने आमची सबटायटल्स जशीच्या तशी उचलून त्यांच्या जोरावर जाहिराती मिळवल्या आहेत. त्यांच्याविरुद्ध आम्हाला तक्रार करता येईल का? — एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्ही वर्णन केलेल्या स्वरूपात हे काम बेकायदेशीर आहे, आणि त्याची कारणे एक नसून दोन आहेत. ती वेगवेगळी पाहावी लागतील, कारण या विषयावर वाद घालणारे बहुतेक जण त्यांची सरमिसळ करतात.

त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मालिका परदेशी आहे म्हणून आपला कायदा तिला लागू होत नाही, असे नाही. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, जपान १८९९ पासून आणि भारत १९२८ पासून सहभागी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ४० आणि त्याखाली काढलेला १९९९ चा आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश यांमुळे, करारातील देशांत प्रसिद्ध झालेल्या कृतींना भारतात प्रसिद्ध झालेल्या कृतींसारखेच संरक्षण मिळते.

आता पहिले कारण. अ‍ॅनिमेशन मालिकेचा प्रत्येक भाग कायद्याच्या भाषेत ‘चित्रपट’ असतो, आणि त्याची प्रत काढण्याचा व तो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार कलम १४ नुसार फक्त हक्कधारकाला असतो. तुम्ही चॅनेलवर संपूर्ण भाग टाकता, तेव्हा खाली मराठी अक्षरे असोत वा नसोत, या दोन्ही अधिकारांचा भंग होतो. सबटायटल्स कितीही उत्तम असली तरी त्याने काही फरक पडत नाही. भाग मिळवताना एखाद्या व्यासपीठाचे डिजिटल कुलूप तोडले असेल, तर कलम ६५अ चा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरे कारण भाषांतराचे, आणि ते अधिक नाजूक आहे. चित्रपटावरच्या हक्कांच्या यादीत भाषांतराचा उल्लेखच नाही. तो साहित्यकृती आणि नाट्यकृतींच्या यादीत आहे. त्यामुळे ‘आम्ही चित्राला हात न लावता फक्त सबटायटलची छोटी मजकूर फाइल दिली, तर चालेल ना?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि वरवर पाहता तो पटतोही. परंतु मालिकेची पटकथा आणि संवाद या स्वतंत्र साहित्यकृती आहेत, आणि त्यांचे भाषांतर करण्याचा हक्क त्यांच्या हक्कधारकाकडेच असतो. तुम्ही तर इंग्रजी सबटायटल्सवरून काम करता. ते इंग्रजी भाषांतरही कुणाच्या तरी मालकीचे असल्यामुळे तुम्हाला एकाऐवजी दोन परवानग्या लागतात. नेदरलँड्समध्ये नेमका हाच वाद न्यायालयात गेला होता. तेथील हौशी सबटायटलकारांच्या संघटनेने चाचेगिरीविरोधी संस्थेलाच न्यायालयात खेचले आणि आपले काम कायदेशीर असल्याचे जाहीर करावे अशी मागणी केली. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल संघटनेच्या विरोधात दिला. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी बर्न करारातील भाषांतराचा हक्क दोन्हीकडे एकच असल्यामुळे त्याचा रोख ओळखता येतो.

पैसे न घेण्याचा मुद्दा तुम्ही सर्वांत आधी मांडलात. दिवाणी बाजूने त्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण कलम ५१ मध्ये हक्कभंग ठरवताना नफ्याची अट नाही. फौजदारी बाजूने मात्र थोडा उपयोग आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्कभंग व्यापारी फायद्यासाठी केलेला नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. म्हणजे पैसे न घेतल्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, गुन्हा नाहीसा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असल्याचे स्पष्ट केले आहे. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आलेल्या मुलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

तुमच्या पाटीबद्दल मला अधिक काळजी वाटते. कलम ६३ ‘जाणूनबुजून’ केलेल्या भंगाला लागू होते, आणि ‘अधिकृत आवृत्ती आल्यास काढू’ असे लिहिणारा माणूस ही कृती दुसऱ्याची आहे व आपल्याकडे परवानगी नाही, हे स्वतःच लिहून देत असतो. अधिकृत आवृत्ती आली की वाटप थांबवायचे, हा संकेत अमेरिकेतील चाहत्यांनी व्हीएचएस कॅसेटच्या काळात आपापसांत पाळला. त्यामागे सद्भावना होती, कायदा नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीने टोकियोतील वकिलांमार्फत अशा गटांना पत्रे पाठवून आपल्या मालिकांचे वाटप थांबवायला सांगितले, तेव्हा त्या संकेताची मर्यादा सर्वांच्या लक्षात आली. हक्कधारक वर्षानुवर्षे गप्प बसला, तरी त्याचे मौन म्हणजे परवानगी नव्हे.

‘मराठीत मिळतच नाही’ ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. क्रंचीरोल या जपानी मालिका दाखवणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठाने भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंग आणले. त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणारे मूल काही मालिका हक्काने मातृभाषेत पाहते, तर त्याच वर्गातल्या मराठी मुलाला हिंदीवर भागवावे लागते. हा बाजाराचा हिशेब आहे. कायद्यात अनुपलब्धतेचा अपवाद नाही. जवळचे वाटणारे कलम ३२ आहे. साहित्यकृती किंवा नाट्यकृती प्रथम प्रसिद्ध होऊन सात वर्षे उलटल्यावर तिच्या भाषांतरासाठी परवाना मागता येतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, हक्कधारकाकडे आधी विचारणा केल्याचे दाखवावे लागते आणि मानधन भरावे लागते. एवढे करूनही परवाना मिळतो तो मजकुराचा. चित्र दाखवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

प्रत्यक्षात कारवाई किती होते, असे तुम्ही मनात विचारले असेल. छोट्या गटांपर्यंत हक्कधारक सहसा पोहोचत नाहीत; ते संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश मिळवतात, आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या ‘डायनॅमिक’ मनाई हुकुमामुळे नव्या नावाने उगवलेली स्थळेही त्यांना झटपट बंद करून घेता येतात. परंतु गट मोठा झाला आणि त्यात पैसा आला की चित्र पालटते. चीनमधील रेनरेन या प्रसिद्ध सबटायटल गटावर शांघाय पोलिसांनी २०२१ मध्ये कारवाई केली. चौदा जणांना ताब्यात घेतले गेले आणि त्याच वर्षी संस्थापकाला साडेतीन वर्षांची कैद झाली. त्या गटाने जाहिराती आणि सभासद शुल्कातून कमाई केली होती, तुम्ही करत नाही, हा फरक मान्य आहे.

आता तुमची सबटायटल्स उचलणाऱ्या चॅनेलविषयी. भाषांतरात भाषांतरकाराचे कौशल्य असते आणि एरवी त्यावर त्याचा स्वतंत्र कॉपीराइटही असतो. पण परवानगीशिवाय केलेले भाषांतर घेऊन तुम्ही तक्रार करायला गेलात, तर समोरच्याचा पहिला प्रश्न असेल की मूळ परवाना कुठे आहे. त्याला तुमच्याकडे उत्तर नाही, आणि तक्रारीचा कागदच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. चोरलेल्या सायकलची चोरी झाल्याची फिर्याद ज्या अडचणीत सापडते, तीच ही अडचण आहे. त्या चॅनेलच्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला असा आहे की पूर्ण भाग आजच काढा, कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. तुमचे कसब वाया जायला नको असेल, तर ब्लेंडर फाउंडेशनचे ‘एलिफंट्स ड्रीम’ (२००६) आणि ‘सिंटेल’ (२०१०) हे अ‍ॅनिमेशनपट घ्या. ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय दिले की त्यांना मराठी सबटायटल्स लावून ते कुठेही दाखवता येतात. असे दोन नमुने हाती असले की हक्कधारक कंपन्यांच्या भारतीय कार्यालयांना काम मागणारे पत्र लिहिता येते. क्रंचीरोलचीच सुरुवात २००६ मध्ये चाहत्यांनी चढवलेल्या विनापरवाना भागांवर झाली होती आणि २००९ मध्ये ती परवान्यांकडे वळली, हे त्या कंपन्यांनाही ठाऊक आहे. मालिकांवर मराठीत समीक्षा लिहायची असेल, तर त्यात मोजके संवाद भाषांतरित करून देण्यास कलम ५२ नुसार हरकत नाही. त्या कलमातील सवलती भाषांतरालाही लागू असल्याचे त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे.

प्रश्न : मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमची मुले मराठी वाचतात. परदेशी अ‍ॅनिमेशनपटांना मराठी मथळे (सबटायटल्स) लावून ते वर्गात दाखवले, तर तेही याच कायद्यात अडकेल का? — एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : नाही, बाई, तुमची बाजू बरीच भक्कम आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आले. अपंग व्यक्तींना एखादी कृती अनुभवता यावी म्हणून ती त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात आणणे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, ही सवलत त्यात आहे. न ऐकू येणाऱ्या मुलाला संवाद वाचायला देणे त्यात सरळ बसते. ते संवाद मराठीत असण्याबद्दल कुणी शंका काढली, तर वर सांगितलेले दुसरे पोटकलम तुमच्या मदतीला येते. शिवाय शिक्षणसंस्थेत शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखवण्यास कलम ५२ मध्ये वेगळी मुभा आहे.

अटी मात्र पाळायला हव्यात. संस्थेने नफा घ्यायचा नाही, फार तर आलेला खर्च वसूल करायचा, आणि तयार केलेली प्रत बाहेरच्या बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. म्हणून मूळ चित्रपट शाळेने रीतसर विकत घ्यावा आणि मथळ्यांची प्रत शाळेच्याच संगणकावर ठेवावी. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती टाकण्याचा मोह अनेक शाळांना होतो. तो टाळावा, कारण गटातली फाइल पुढे कुठे जाईल यावर शाळेचा ताबा राहत नाही आणि सवलतीचा आधारच निघून जातो.

प्रश्न : गणेशोत्सवात आमच्या मंडळाला मंडपात मुलांसाठी पडद्यावर डब केलेला कार्टून चित्रपट मोफत दाखवायचा आहे. तिकीट नाही, मग परवाना कशाला? — एक कार्यकर्ता, अशोक चौक परिसर

उत्तर : परवाना लागतो. हौशी मंडळांना विनामूल्य प्रेक्षकांसमोर कार्यक्रम करण्याची जी सूट कायद्यात आहे, ती साहित्य, नाटक आणि संगीताच्या सादरीकरणापुरती आहे. चित्रपट त्यात येत नाही. घरी पाहण्यासाठी घेतलेले ओटीटीचे सभासदत्वही मंडपात चालत नाही. वितरकाकडे एका दिवसाच्या सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी मागा, ती लेखी घ्या, आणि त्या कागदावर चित्रपटाचे नाव, कोणत्या भाषेतली आवृत्ती, तारीख आणि जागा एवढे तरी नमूद करून घ्या.