कौशल्य ‘दिले’ जाते काय?

नागपुरातील एका परिवीक्षा अधिकाऱ्यांनी विचारले आहे की, विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेल्या, बालकांच्या पुनर्वसनाच्या अहवालात ‘कौशल’ लिहावे की ‘कौशल्य’, आणि ‘बालकास राग आवरण्याचे कौशल्य देण्यात आले’ हे वाक्य चालेल का. पहिला भाग सोपा आहे. दोन्ही रूपे ‘कुशल’पासूनच वेगवेगळ्या प्रत्ययांनी सिद्ध झालेली असून दोन्ही शुद्ध आहेत, मराठीत ‘कौशल्य’ रुळले, आणि नागपुरात हिंदी पाट्यांमुळे ‘कौशल’ही कानावर पडते. ‘कौशल्यता’ मात्र कोणीही लिहू नये.

माझा खरा आक्षेप ‘देण्यात आले’ या क्रियापदाला आहे. समारोपाच्या भाषणांत आणि बातम्यांत ते इतके ऐकू येते की वह्या-पुस्तकांसारखे कौशल्याचेही वाटप होते, असा कोणाचाही समज व्हावा. ‘कुशल’ची पारंपरिक व्युत्पत्ती ‘कुशान् लाति’, म्हणजे जो कुश घेतो तो, अशी आहे. आपल्याकडे पोळा ज्या श्रावण अमावस्येला येतो, त्याच दिवशी पंचांगात ‘दर्भग्रहण’, म्हणजे दर्भ किंवा कुश काढून आणणे, असते. धारदार कडांचे ते गवत बोट न कापता काढता येणे, हे या शब्दाचे मूळ. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह यादीत, ‘रा दाने, ला आदाने’ असे दोन धातू शेजारी आहेत: ‘रा’ म्हणजे देणे, ‘ला’ म्हणजे घेणे. चांद्र व्याकरण या दुसऱ्या संस्कृत व्याकरणाने दोहोंचा अर्थ ‘देणे’ असाच लावला, तो मला साफ अमान्य आहे, कारण तो मानला तर कुशल माणूस कुश वाटणारा ठरेल. ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्रावरील ग्रंथाचा कर्ता विश्वनाथ याने ‘कुशल’चा मुख्यार्थ ‘दक्ष’ हाच असून व्युत्पत्तीचा त्याच्याशी संबंध नाही, असे, ‘दक्ष’ हा लक्षणेने आलेला दुय्यम अर्थ मानणाऱ्या ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाविरुद्ध ठासून सांगितले. प्रचलित अर्थापुरते ते बरोबर असले, तरी एवढ्यावरून व्युत्पत्ती टाकाऊ ठरवणाऱ्यांनी शब्दातला घेणाराच पुसून टाकला.

वर्तनाधारित शिक्षणाची, म्हणजे प्रत्यक्ष वर्तनाच्या सरावातून शिकवण्याच्या पद्धतीची, सारी मांडणी या घेणाऱ्याभोवतीच आहे. कृती समजावणे, करून दाखवणे, मुलाकडून करवून घेणे आणि तत्काळ दुरुस्ती सांगणे, या चार टप्प्यांत शिकवणाऱ्याने कितीही केले, तरी तिसरा टप्पा मुलाचाच असतो. अमेरिकेत कॅन्सास राज्यातील लॉरेन्स येथे 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘अचीव्हमेंट प्लेस’ या अशाच मुलांसाठीच्या निवासी घरात चांगल्या वर्तनाला गुण देत, आणि त्या गुणांवर सवलती मिळत. त्या धर्तीच्या घरांच्या पुढील मूल्यमापनात मुले तेथे असेपर्यंत फरक दिसला, परंतु बाहेर पडल्यानंतरच्या वर्षात तो टिकल्याचे दिसले नाही. शिकवून झाल्यावर ते इतरत्र आपोआप उतरेल अशी नुसती आशा करू नये, हे वर्तनशास्त्रज्ञ स्टोक्स आणि बेअर यांनी 1977 मध्ये स्पष्टपणे मांडले. सराव वेगवेगळ्या व्यक्तींसमोर, वेगवेगळ्या जागी व्हावा आणि बाहेरच्या जगातही ज्याला प्रतिसाद मिळेल असेच वर्तन निवडावे, हा त्यांच्या सांगण्यातला गाभा आहे. गुणही हळूहळू कमी करत न्यावे लागतात, नाहीतर गुण संपले की वर्तनही संपते.

म्हणून अहवालात बालकाला कर्ता करावे: ‘चिडवले असता बालकाने मागे सरून, आवाज न चढवता उत्तर देण्याचा सराव काळजीवाहकांसमोर, कार्यशाळेत आणि भावासमोर केला, गृहभेटीतही तेच वर्तन आढळले.’ गृहभेटीची नोंद खरोखर असेल, तर त्यापुढे ‘कौशल्य आत्मसात केले’ असे निःशंकपणे लिहावे.