चौघांची आंतरराष्ट्रीय परिषद: आधी तोट्याचा धनी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अन्नप्रक्रियेची यंत्रं बनवणाऱ्या उद्योजकांची संघटना, एक विद्यापीठ, एक सरकारी महामंडळ आणि युरोपातला त्याच क्षेत्रातला महासंघ, असे चौघे मिळून पुण्यात हजारेक प्रतिनिधींची परिषद भरवणार आहेत. सामंजस्य कराराच्या मसुद्यात 'सर्व भागीदार संयुक्तपणे जबाबदार राहतील' असं वाक्य आहे. त्यावर संघटनेने सही करावी का?

त्या वाक्यासह करू नका. अशा परिषदांच्या सचिवालयांत मी बरीच वर्षं काम केलं आहे. भागीदारांचं जिथे जिथे बिनसलं, तिथे नफ्याची टक्केवारी पहिल्याच बैठकीत ठरलेली होती आणि तोटा कोणी किती सोसायचा याची एक ओळही कागदावर नव्हती. 'संयुक्तपणे' हा शब्द ऐकायला चांगला वाटतो, पण हॉलवाल्याचं बिल येतं तेव्हा त्याला वसुलीसाठी एकच दार हवं असतं, आणि ते दार बहुतेक वेळा स्थानिक संघटनेचं असतं. विद्यापीठाला लेखापरीक्षण आड येतं, महामंडळाला वित्त विभागाची मंजुरी लागते, परदेशी महासंघ तर सातासमुद्रापार. उरता तुम्ही.

बार्सिलोनाचं उदाहरण नीट बघा. तिथली मोबाइल वर्ल्ड काँग्रेस ही 'जीएसएमए' या दूरसंचार उद्योगाच्या जागतिक संघटनेची. पण ती उभी राहते स्पेनचं सरकार, कॅटलोनियाचं प्रांतिक सरकार, नगरपालिका, प्रदर्शन केंद्र 'फिरा' आणि पर्यटन संस्था अशा अनेकांच्या जोरावर. २०२० साली ती २४ ते २७ फेब्रुवारीला भरायची होती, लाखाच्या वर लोक अपेक्षित होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच एलजी, एरिक्सन, अ‍ॅमेझॉन, सोनी अशा कंपन्या करोनाच्या भीतीने एकापाठोपाठ एक बाहेर पडल्या आणि १२ फेब्रुवारीला जीएसएमएने परिषद रद्द केली. स्पेनच्या आरोग्य खात्याचं म्हणणं मात्र असं होतं, की सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ती रद्द करायचं कारण नाही. म्हणजे सरकारने बंदी घातलेली नाही, हॉल तयार आहे, आणि मालक म्हणतो भरवणं अशक्य. आता याला कराराच्या भाषेत 'अपरिहार्य आपत्ती', म्हणजे कोणाच्याच हातात नसलेलं आणि करार न पाळण्याची मुभा देणारं संकट, म्हणायचं का? स्टॉलचे पैसे परत करायचे का, हॉलचं भाडं द्यायचं का, हे सगळं त्या एका शब्दप्रयोगाच्या व्याख्येवर लोंबकळतं. तिथले भागीदार जुने आणि अनुभवी होते, करार पक्का होता, म्हणून संबंध टिकले. शहराबरोबरचा करार उलट एका वर्षाने वाढवला गेला.

तुमच्या मसुद्यात या घटनेतून दोन गोष्टी यायला हव्यात. रद्द किंवा पुढे ढकलण्याचा निर्णय नेमकं कोण घेणार, आणि त्या तारखेपर्यंत झालेला खर्च कोणाच्या खात्यातून जाणार. तारखांचे टप्पेही लिहा. सहा महिने आधी रद्द झाली तर अमुक, महिनाभर आधी झाली तर तमुक. प्रमुख प्रायोजक निघून गेले ही 'आपत्ती' आहे की नाही, तेही शब्दांत लिहा. विमा काढा, पण करोनानंतर साथीचे आजार बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात, तेव्हा ते पान स्वतः वाचा.

पैशाची रचना. नोंदणी, स्टॉल आणि प्रायोजकत्व यांची बिलं एकाच संस्थेच्या नावाने निघावीत, एकाच बँक खात्यात पैसे यावेत आणि त्या संस्थेने इतरांना दरमहा हिशेब द्यावा. चौघांनी मिळून नफा वाटायचं ठरवलंत तर आयकर खातं तुम्हाला 'व्यक्तींचा संघ' धरून वेगळा कर लावण्याची शक्यता असते. त्यापेक्षा यजमान एक आणि बाकीच्यांना कामाचा ठरीव मोबदला, हे सरळ पडतं. युरोपातला महासंघ अनुदान म्हणून रक्कम पाठवणार असेल तर विशेष सावध राहा. परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी लागते, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. म्हणजे विद्यापीठाने घ्यायचा आणि तुमच्याकडे वर्ग करायचा, हा बेत मसुद्यात असेल तर तो आजच काढून टाका. प्रतिनिधीची नोंदणी फी किंवा स्टॉलचं भाडं हा सेवेचा मोबदला, त्याचं गणित वेगळं. तुमच्या सीएंना मसुदा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रायोजकांची यादी हा भांडणाचा दुसरा हमखास विषय. एकाच कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला तीन भागीदारांचे तीन फोन जातात, तिघेही वेगवेगळे दर सांगतात. मग ती कंपनी सर्वांत कमी दर पकडते आणि वर सवलत मागते. पहिल्याच महिन्यात नावं वाटून घ्या आणि दरपत्रक एकच ठेवा. व्यावसायिक आयोजक नेमणार असाल तर हॉटेलांकडून त्याला मिळणारं कमिशन कोणाचं, हेही करारात आलं पाहिजे. नाहीतर तो तुमच्याकडून फी घेतो आणि हॉटेलकडूनही, आणि खोलीचा बोजा प्रतिनिधीवर पडतो.

सुकाणू समिती पाच-सात जणांची पुरे. सन्माननीय अध्यक्ष, आश्रयदाते, मार्गदर्शक हवे तितके करा, पण खर्चाच्या कागदावर सही करणारे दोनच. शोधनिबंध निवडणाऱ्या समितीत प्रायोजक कंपनीचा माणूस बसवू नका, ही माझी अट समजा. मोठा प्रायोजक मुख्य व्याख्यानाची जागा मागतो, आणि एकदा ती दिली की परदेशातून आलेल्या जाणकारांचा कार्यक्रमावरचा विश्वास उडतो.

व्हिसाला वेळ ठेवा. परिषद व्हिसासाठी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांच्या मंजुऱ्यांचा मार्ग आहे, आणि इथे महामंडळाचा खरा उपयोग होईल. त्याच्याकडून पैशाची अपेक्षा कमी ठेवा, पत्रांची जास्त. पुण्याहून थेट आंतरराष्ट्रीय उड्डाणं मोजकीच आहेत, त्यामुळे मुंबई विमानतळावरून बसची सोय हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

तयारीचा काळ लांबला की माणसं बदलतात, हेही सांगायला हवं. ३६व्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान काँग्रेसचं यजमानपद भारताने बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका यांना सोबत घेऊन २०१२ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या अधिवेशनात मिळवलं. ही काँग्रेस व्हायची होती मार्च २०२० मध्ये. करोनामुळे ती पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि शेवटी मार्च २०२२ मध्ये ऑनलाइन झाली. एवढ्या वर्षांत मंत्रालयांतले अधिकारी बदलतात, संस्थांचे प्रमुख निवृत्त होतात, आणि 'तेव्हा असं ठरलं होतं' हे वाक्य कोणालाच सिद्ध करता येत नाही. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त आठवड्याच्या आत चौघांच्या सहीने पक्कं करून घ्या.

शेवटी, प्रतिनिधींची यादी. आंतरराष्ट्रीय दुग्ध महासंघाची शिखर परिषद सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रेटर नोएडाला झाली. भारतात ती त्याआधी १९७४ साली झाली होती. पुढच्या वर्षी ती शिकागोला गेली, त्यापुढे पॅरिसला. अशा फिरत्या परिषदेचं नाव महासंघाचं असतं, यजमान बदलत राहतात. तुमची परिषद पुण्यातच दर दोन वर्षांनी भरावी असा विचार असेल, तर नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि संमती घेऊन जमवलेली प्रतिनिधींची माहिती तुमच्या संघटनेच्या मालकीची राहील, असं कलम आत्ताच घाला. युरोपातला महासंघ त्याला हरकत घेईल. घेऊ द्या, घासाघीस करा, पण परिषद उरकल्यावर हे मागायला गेलात तर ते मिळत नाही.