तारेपलीकडचा गहू आणि अटारीची कुलपं

प्रश्न : मार्चमध्ये अटारीला परेड बघायला गेलो होतो. काटेरी तारेच्या पलीकडेही गहू उभा होता, तो आपलाच असं कळलं. उलट अलीकडे, रस्त्यालगत, भर शेतात गोडाऊनं आणि त्यांना कुलपं. तारेपलीकडे पिकवतं कोण? आणि इतक्या चांगल्या जमिनीत गोडाऊनं कशाला बांधली?
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : ताई, पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोच्या गाड्या अटारीला लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचाच.

तार म्हणजे सरहद्द नव्हे. सरहद्द त्याच्याही पुढे, खांबांच्या रांगेवर. खलिस्तानी अतिरेकाच्या काळात, १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंजाबात तार घालायला सुरुवात झाली, ती थोडी अलीकडे सरकवून. मधे अडकलेली जमीन सुमारे २१ हजार एकर. मालक आपलेच शेतकरी. बीएसएफने गेट उघडलं की ओळखपत्र दाखवून आत जायचं, संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. एका सरदारजींच्या ट्रॅक्टरची तपासणी मी उभं राहून पाहिली आहे : टूलबॉक्स उघडला, सीट उचललं, पाण्याचा जारसुद्धा हलवून बघितला. सरदारजी शांतपणे मिशी पिळत उभे.

आता तिथे ऊस किंवा मका लावून बघा! उंच पिकात माणूस लपतो, म्हणून परवानगी नाही. भाजीपाल्याला रोजचा मजूर लागतो, तो गेटवर खोळंबायला तयार नसतो. रात्री मोटरची वीज आली तरी पाणी भरायला जाता येत नाही. उरतात गहू आणि भात, त्यातही रानडुकरांचा वाटा. साहजिकच त्या जमिनीला खंडही कमी मिळतो. माती तीच, पाणी तेच, पीक मात्र दोन देशांच्या संबंधांनी ठरवलेलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामनंतर तर तिथला गहू अक्षरशः धावपळ करून काढावा लागला.

गोडाऊनांची कथा उलटी आहे. तिथे जमीन बदलली ती संबंध सुधारतील या आशेनं. पूर्वी शून्य रेषेवर, म्हणजे ऐन सरहद्दीवर, आपले हमाल पलीकडच्या हमालांच्या डोक्यावर पोती देत. २००७ पासून ट्रक आरपार जाऊ लागले, एप्रिल २०१२ मध्ये अटारीचं मोठं चेकपोस्ट सुरू झालं आणि रस्त्याकडेच्या शेतांचे भाव चढले. भाताच्या खाचरात भराव पडला. ट्रकतळ, वजनकाटे, ढाबे, गोडाऊनं. इकडून टोमॅटो, सोयापेंड, सूत जायचं. तिकडून सिमेंट, जिप्सम, खारीक यायची.

पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. अफगाणी सुकामेवा येत राहिला, पण तेवढ्यावर इतकी गोडाऊनं भरत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चेकपोस्टच बंद झालं.

लोक म्हणतात, व्यापार गेला तर पुन्हा शेती करतील. मला नाही पटत. भराव टाकून, रोलर फिरवून दाबलेल्या जमिनीवर पुन्हा गहू घ्यायचा तर आधी भराव उपसायचा खर्च करा. शिवाय बांधकामाचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस भाव येण्याचीच वाट बघतो. प्लॉट विकत नाही आणि नांगरतही नाही.

घुमानच्या २०१५ च्या साहित्य संमेलनाला गेलेल्यांना गुरदासपूरचा तो भाग आठवत असेल. त्याच जिल्ह्यात डेरा बाबा नानकला कर्तारपूर मार्गिकेसाठी, म्हणजे पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्या भाविकांच्या रस्त्यासाठी, शेतं घेतली गेली. पलीकडे गुरुद्वाऱ्याभोवतीच्या शेतांवरही संगमरवरी अंगण पसरलं. गुरू नानकांनी अखेरच्या वर्षांत स्वतः शेती केली ते हेच कर्तारपूर. नोव्हेंबर २०१९ मध्ये मार्गिका उघडली, म्हणजे अटारीचा व्यापार थांबून तीनच महिने झाले होते! मे २०२५ पासून तीही बंद झाली. त्या आधी तिथे रस्त्याकडेला जागा घेऊन ठेवणाऱ्यांत अटारीत हात पोळलेला एक ट्रान्सपोर्टवालाही होता. मी त्याला म्हटलं, पुन्हा तेच? तो म्हणाला, ‘‘व्यापार बंद होतो भाऊजी, भाविक थांबत नाहीत.’’